हुडगे सरांची शिस्त

हुडगे सर चूळ भरायला लागले की मला ओकारी यायची. हे मी आज सांगतोय असं नाही, तेव्हाही मी हे स्टाफरूममध्ये दोघातिघांना बोललो होतो. तांब्याभर पाणी. तोंडात घ्यायचं, खळखळ खळखळ करायचं, मान मागे टाकून घशात घर्रघर्र करायचं आणि मैदानाच्या कडेला पचकन टाकायचं. पुन्हा तांब्या तोंडाला. हे सगळं अठरा पोरांसमोर, जी पोरं तासभर पळून ओठ चाटत उभी असायची. आणि वर्ष कोणतं? ज्या वर्षी लातुरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि टँकर दिसला की बायका पदर खोचून पळायच्या, ते.

"पाणी मागणारा पोरगा आपल्या टीममध्ये न्हाई. हाव का न्हाई?" चूळ टाकून झाल्यावर सर विचारायचे.

"हाव सर," पोरं म्हणायची. कोरड्या घशानं.

गेल्या महिन्यात कॉलेजच्या मैदानाला मन्मथ हुडगे सरांचं नाव दिलं. सर जाऊन वर्ष झालं. 'पहिल्या विजेत्या संघाचे मॅनेजर' म्हणून मी दोन शब्द बोलावेत असा निरोप घेऊन एक तरुण प्राध्यापक घरी आला होता. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे. मला त्या मांडवात जाऊन खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलायची छाती तेव्हाही नव्हती, आताही नाही. म्हणून इथे घरात बसून लिहितोय.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. किराणा दुकानापासून सलूनपर्यंत सगळ्यांनी पाट्या पुन्हा रंगवून घेतल्या होत्या आणि त्यात 'जिल्हा लातूर' असं ठळक घातलं होतं. माणसं एकमेकांना पत्ता सांगतानाही छाती काढून सांगायची. मी त्या कॉलेजात भौतिकशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, टेंपररी. फुटबॉल मला इतकाच कळत होता की तो पायानं खेळतात. तरी प्राचार्यांनी मला टीम मॅनेजर केलं, कारण कायम असलेल्या एकाही प्राध्यापकाला उन्हात उभं राहायचं नव्हतं. हुडगे सर त्याच सत्रात उदगीरकडून आमच्याकडे आले. कपाळावर विभूती, गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट. त्या बुटांना रोज सकाळी खडूची पूड चोळून घ्यायचे, आणि चोळायला एक पोरगा ठरलेला.

पहिल्याच दिवशी त्यांनी पोरांना एका ओळीत उभं केलं आणि म्हणाले, "इतकी वर्षं विद्यापीठाचा कप नांदेडवाले न्यायलेत. आता आपला जिल्हा झालाय. कलेक्टर आला, एस्पी आला. कप का न्हाई आला? यंदा यील. मी आणीन. तुम्ही फक्त माझं ऐकायचं."

खेळ त्यांना येत होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पोरगा कसा चालतो हे बघून ते सांगायचे, हा बॅकला घाला, ह्याला पुढे काढा, आणि ते बरोबर निघायचं. उजव्या पायाच्या पोरांना ते फक्त डाव्या पायात बूट घालून खेळवायचे. उजवा अनवाणी, चेंडू मारला की नख उलटायचं. महिन्याभरात निम्मी टीम दोन्ही पायांनी मारायला लागली. आमचं मैदान काळ्या रानाचं. पाऊस नसल्यानं त्याला अशा भेगा पडल्या होत्या की पोराचा पाय घोट्यापर्यंत आत जायचा. सरांनी नियम केला की सरावाआधी प्रत्येकानं पाच टोपली मुरूम आणून भेगा बुजवायच्या. रात्रीतून त्या पुन्हा उघडायच्या, सकाळी पुन्हा टोपल्या. आमचा गोलकीपर एकदा असल्याच भेगेत पाय अडकून पडला, हात मोडला. सरांनी त्याला खांद्यावर टाकून सरकारी दवाखान्यापर्यंत पळत नेलं, दोन दिवस उशाशी बसले, स्वतःच्या हातानं भरवलं. मला तेव्हा वाटलं, माणूस तोंडानं घाण असला तरी आतून बरा आहे. तिसऱ्या दिवशी त्याच पोराला प्लॅस्टरसकट गोलात उभं केलं. "एक हात हाय की रं. देवानं दोन दिलेते, एक जास्तीचाच होता." पोरं हसली. मीही हसलो, आणि त्या हसण्याची मला आज शिसारी येते.

गंगाधर त्यांना उमरीला सापडला. नांदेड जिल्ह्यातली उमरी. कुठल्याशा लग्नाला गेले होते, गाडी यायला वेळ होता, म्हणून स्टेशनमागच्या मोकळ्या जागेत पोरं खेळत होती ती बघत उभे राहिले. काळा, काटक, अनवाणी पोरगा. सर सांगायचे, "चेंडू त्याच्या पायाला चिटकतोय मॅनेजर, काय सांगू तुम्हाला!" त्याची आई चंद्राबाई त्याच स्टेशनवर सीताफळं विकायची. बाप नव्हता. बारावी झाल्यावर दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेल्यानं त्याचं एक वर्ष बुडालं होतं. सरांनी त्याला शब्द दिला: लातूरला ये, कॉलेजात घालतो, होस्टेलात जागा देतो, दोन वेळचं जेवण, बी.ए. हो आणि मग पोलीसभरती. पोरगं एका पिशवीत कपडे घालून आलं. तोवर प्रवेशाची मुदत संपली होती. म्हणजे आमच्या कॉलेजच्या वहीत त्याचं नाव नव्हतं, आणि वहीत नाव नसलेला पोरगा स्पर्धेत खेळू शकत नाही.

सरांना त्याची अडचण वाटलीच नाही. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या शिवकांत त्याच वर्षी कॉलेजात होता. गोरागोमटा, चष्मा लावणारा. त्याला मेडिकलला जायचं होतं आणि खेळाच्या सर्टिफिकेटचे वाढीव गुण हवे होते. त्यानं उभ्या आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता. सरांनी फॉर्म भरला. नाव शिवकांतचं, जन्मतारीख शिवकांतची, फोटो गंगाधरचा. खाली 'सदर खेळाडूस मी ओळखतो' असं छापलेलं होतं आणि मॅनेजरच्या सहीची जागा होती.

"सर, हे बरं न्हाई," मी म्हणालो.

"कुणाचं वाईट व्हायलंय सांगा. ह्याला खेळायला मिळतंय, त्याला सर्टिफिकेट मिळतंय, जिल्ह्याला कप मिळतोय. पुढल्या वर्षी गंगाधरची ॲडमिशन पक्की, त्याच्या स्वतःच्या नावानं. आणि तुमची कायम व्हायची ऑर्डर अध्यक्षांच्याच टेबलावर हाय, ध्यानात हाय न्हवं?"

मी सही केली. पेन माझंच होतं.

आता सरांची शिस्त सांगतो. मैदानावर गंगाधरला गंगाधर म्हणायचं नाही, शिवकांतच म्हणायचं. जो चुकेल त्याला मैदानाच्या दहा फेऱ्या. घरी पत्र टाकायचं नाही, कुणाला काही कळवायचं नाही. आणि खुद्द गंगाधरसाठी वेगळी तालीम. तो पळत असला, पाणी भरत असला, भेगेत मुरूम ओतत असला की सर मागून येऊन एकदम ओरडायचे, "गंगाधर!" पोरगं वळायचं. माणूस आपल्या नावाला वळणारच की हो! वळला की पन्नास बेडूकउड्या. मग पुन्हा दहा मिनिटांनी "गंग्या!" पुन्हा वळला, पुन्हा पन्नास. त्याच्या मांड्या इतक्या भरून यायच्या की होस्टेलऐवजी त्याला झोपायला दिलेल्या जिमखान्याच्या खोलीत त्याला जमिनीवरून उठता यायचं नाही. पहिले काही दिवस बाकीच्या पोरांना मजा वाटली. मग हसणं थांबलं, खाली माना घालून पोरं सराव करायची.

आणि एका सकाळी तो वळला नाही. सरांनी तीनदा हाक मारली, तिसऱ्यांदा अगदी कानाजवळ जाऊन. गंगाधर मुरूम दाबत राहिला. डोळ्याची पापणीसुद्धा हलली नाही त्याची. सरांनी टाळ्या पिटल्या, त्याला मिठी मारली, "जमलं! जमलं रं वाघा!" म्हणून नाचले. मी कडेला उभा होतो. अंगावर पाल पडावी तसं झालं मला. तरी मी काय केलं? हजेरीचा कागद घडी करून खिशात घातला आणि प्रॅक्टिकलला गेलो.

खरा शिवकांत एकदा स्कूटरवर बसून मैदानावर आला. "काय रे, इकडं कसा?" मी विचारलं. तर दात काढून म्हणाला, "मी कसा खेळायलोय ते बघायला आलो सर." हुडगे सर ह्या विनोदावर खोकला लागेपर्यंत हसले. त्याच्यासाठी तांब्यातून पेलाभर पाणी काढून दिलं.

आम्ही जिंकत गेलो. पहिला सामना, दुसरा, मग सेमीफायनल. पेपरात 'लातूरच्या शिवकांतची कमाल' असं छापून यायचं. अध्यक्षांनी कॉलेजात पेढे वाटले. फायनल नांदेडला, नांदेडच्याच एका कॉलेजशी. त्या दिवशी सरांनी इष्टलिंग हातात घेऊन डोळे मिटले, मनापासून नमस्कार केला, आणि डोळे उघडल्या उघडल्या गंगाधरला म्हणाले, "आज चुकलास तर ॲडमिशन विसर."

हाफ टाइमनंतर सामना बरोबरीत होता. एक एक गोल. चेंडू कडेला बाहेर गेला आणि तो फेकायला गंगाधर रेषेवर आला. दोरीच्या पलीकडे माणसं उभी होती. त्यातून एक बाई पुढे घुसली, डोक्यावर टोपली. चंद्राबाई. उमरीत सीताफळांना गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ती पॅसेंजरनं नांदेडला विकायला आली होती आणि कुणीतरी तिला सांगितलं होतं की लातूरची टीम आलीय, तुझा पोरगा त्यात दिसतोय. चार महिन्यांत तिला त्याचं तोंड दिसलं नव्हतं.

"गंग्या! आरं गंग्या! माय आलीय बघ!"

पाच पावलांवर होता तो. वळला नाही.

"गंग्या, इकडं बघ की रं लेकरा!"

त्यानं चेंडू डोक्यावर धरला, फेकला आणि पळत निघून गेला. बाईचा हात तसाच वर राहिला.

पण नांदेडच्या पोरांनी ऐकलं होतं. त्यांच्यातला एक उमरीकडचाच होता. "मी म्हणत नव्हतो का, हा गंग्याच हाय म्हणून!" त्यांनी ऑब्जेक्शन घेतलं. सामना थांबला. स्पर्धेचे सचिव, एक म्हातारे प्राध्यापक, फॉर्म घेऊन आले. फोटो जुळत होता. त्यांनी मला विचारलं, "मॅनेजर, हा कोण?"

"शिवकांत," मी म्हणालो. जीभ झडली नाही.

मग त्यांनी बाईला बोलावलं आणि पोराला तिच्यासमोर उभं केलं. सचिव काही विचारायच्या आत हुडगे सर पुढे झाले. आवाज लोण्यासारखा. "बाई, नीट बघा बरं. घाई करू नका. हा शिवकांत हाय, लातूरचा. तुमची चूक झाली तर ह्या लेकराची जिंदगी बाद व्हईल. कॉलेज बंद, खेळ बंद, केस व्हईल. हाव का न्हाई? तुम्हीच सांगा, हा तुमचा हाय का?"

गंगाधर स्वतःच्या बुटांकडे बघत होता. चंद्राबाईनं त्याच्याकडे बघितलं. मग सरांकडे. मग माझ्याकडे, आणि मी नजर फिरवली. ती अडाणी होती, पण बाजारात बसणारी बाई होती, माणसं ओळखणारी. तिला सगळं कळलं. मला ते कळताना दिसलं.

"न्हाई साहेब," ती सचिवांना म्हणाली. "नजर चुकली माझी. माझं लेकरू न्हाई हे. माझा... माझा लई काळा हाय."

टोपली उचलून ती गेटकडे चालायला लागली. मी ऑब्जेक्शनच्या कागदावर सही केली, ही दुसरी सही. सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात गंगाधरनं उजवीकडून एकट्यानं चेंडू नेला आणि डाव्या पायानं गोल मारला. लातूरवाले नाचायला लागले. गलका ऐकून गेटजवळ पोचलेली चंद्राबाई थांबली, मागे बघितलं, पदर तोंडाला लावला आणि बाहेर पडली. गोल मारणारा पोरगा एकटाच चालत आपल्या जागी येऊन उभा राहिला. आम्ही कप जिंकला. तिथेच फोटो काढला, कप गंगाधरच्या मांडीवर.

परतीला बाकीची पोरं एस्टीनं निघाली; जीपमध्ये सर मांडीवर थापा मारत होते. "बाई म्हणजे वाघीण हाय राव! काय डोकं! खेळाडूची माय अशी पाहिजे!" मागच्या बाकावर तिचा पोरगा बसला होता, त्याला ऐकू जात होतं. मला वाटलं, ह्या माणसाच्या तोंडात माती घालावी. वाटलं फक्त. जीप नांदेडच्या बसस्टँडवर चहाला थांबली, गंगाधर पाणी पिऊन येतो म्हणून उतरला, तो परत आला नाही. अर्धा तास वाट बघून सर म्हणाले, "यील. जातंय कुठं? बिस्तरा जिमखान्यात हाय त्याचा."

तो बिस्तरा पुढे किती तरी दिवस तिथेच पडून होता.

मग विद्यापीठाचं पत्र आलं. शिवकांतची विद्यापीठाच्या संघात निवड झाली होती, सराव शिबिराला हजर व्हायचं होतं. आता शिवकांत पाठवायचा कुठून? सर मला घेऊन उमरीला निघाले. लातूरहून एस्टीनं नांदेड, तिथून पॅसेंजर.

चंद्राबाई फलाटाच्या टोकाला लिंबाखाली बसली होती. टोपलीत बारकी, काळपट पडलेली सीताफळं. आम्हाला ओळखलं तिनं. शिव्या देईल असं मला वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "बसा साहेब," म्हणाली आणि पोतं पसरलं.

"माय," सर म्हणाले. माय म्हणाले बरं का तिला! "पोरगं कुठाय?"

"गेलं निजामाबादला. बांधकामावर. गवंड्याच्या हाताखाली."

"बोलवा त्याला. लई मोठं काम निघालंय. ह्यावेळी ॲडमिशन पक्की, मॅनेजरला विचारा."

माझी मान हलली. मला ठाऊक होतं की पक्की नाही, तरी हलली.

"पत्ता ठावा न्हाई मला," ती म्हणाली. मग तिनं कमरेच्या पिशवीतून एक पुठ्ठा काढला. त्यावर पेपरातलं कात्रण भाताच्या शितांनी चिकटवलेलं होतं. आमच्या टीमचा फोटो. मांडीवर कप घेतलेला गंगाधर, खाली नावं. तिनं तो सरांकडे नाही, माझ्याकडे धरला. "चहावाल्यानं वाचून दावलं मला. ह्याच्या खाली दुसऱ्याचंच नाव हाय म्हणतो. तुम्ही शिकलेले हाव साहेब. तेवढं खोडून ह्याचं घालून देता का? कुणाला दावायचं न्हाई. माझ्याजवळ ऱ्हाईल."

मी खिशातून पेन काढलं. खरंच काढलं. टोपण उघडत होतो तेवढ्यात सरांनी तिच्या हातातून पुठ्ठा घेतला. "असलं जवळ ठेवू नका माय. कुणी बघितलं तर पोराला जेल हाय. पुरावा असतो ह्यो." त्यांनी कात्रण पुठ्ठ्यावरून अलगद सोडवलं, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या वरच्या खिशात सरकवलं.

"एकच फोटू हाय वो त्याचा," ती म्हणाली.

"दुसरा काढू की. आला की रंगीत काढू."

पुठ्ठा तिच्या हातात परत दिला. त्यावर शितं चिकटलेली होती. तिनं तो उलटा करून टोपलीखाली ठेवला. नांदेडची गाडी आली तशी सर उठले, पँट झटकली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "राहू द्या साहेब. तोंड ध्यानात हाय माझ्या."

पुढच्या वर्षी शिवकांत मेडिकलला गेला. माझी ऑर्डर निघाली, मी कायम झालो, त्याच कॉलेजातून रिटायर झालो. हुडगे सर अजून बरीच वर्षं होते, आणखी कप आणले, भाषणांत नावगाव न घेता त्या 'वाघीण माते'ची गोष्ट सांगून टाळ्या घेत राहिले. पण मला ते आठवतात ते त्या पॅसेंजरमध्ये. दुपारची वेळ, डबा रिकामा. समोरच्या बाकावर सर झोपलेले, तोंड उघडं, लाळ हनुवटीवर आलेली. वरच्या खिशातून कात्रणाचा कोपरा बाहेर आला होता. दोन बोटं पुढे केली असती तरी निघालं असतं. पुढच्या स्टेशनावर उतरून परत जाता आलं असतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिलो आणि नांदेड येईपर्यंत त्या कोपऱ्याकडे बघत होतो.